रेघ कोण मारतं? सीमा, युद्ध आणि सत्तेची गोष्ट सांगणारी चित्रं

टीव्हीवर रात्रंदिवस युद्धाचे ग्राफिक्स बघणारी मुलं घरात प्रश्न विचारतात, तेव्हा मोठ्यांची उत्तरं अपुरी पडतात. अशा वेळी काही चित्रं आपल्या मदतीला येऊ शकतात.

मे २०२५ मधली गोष्ट. मी बडोद्याला ताईकडे गेले होते. त्या दिवसांत देशभर मॉक ड्रिल चालू होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडत होता. सायरन वाजला की दिवे घालवा, पडदे ओढा, गच्चीवर जाऊ नका. आम्ही मोठी माणसं थोडी घाबरलो होतो. ताईचा ८ वर्षांचा मुलगा मात्र त्या अंधारात सगळ्यात खूश होता. त्याला तो एक खेळच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला एक चित्र दाखवलं. वर विमानं, खाली आगीचे लोळ आणि मधोमध लाल खडूने मारलेली जाड रेघ. रेघेच्या अलीकडे घरं, झाडं, सायकल, कुत्रा. पलीकडे नुसती आग.

‘‘पलीकडे घरं नाहीत का रे?’’ मी विचारलं.

‘‘तिकडे दुश्मन राहतात.’’

‘‘मग दुश्मनांना घरं नसतात?’’

तो जरा थांबला. मग त्याने असा प्रश्न विचारला की मीच गप्प झाले. ‘‘मावशी, ही रेघ खरंच जमिनीवर असते का? कोण मारतं ती?’’

मी इंग्रजी घेऊन बीए केलं आहे. रोज लेख लिहिणं हेच माझं काम आहे. पण ८ वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचं सरळ उत्तर देणं मला जमलं नाही. मग मी मोबाइल उघडला आणि त्याला काही चित्रं दाखवली. त्या दुपारी आम्ही दोघांनी जे पाहिलं आणि पुढच्या काही महिन्यांत मी जे वाचलं, तेच इथे सांगत आहे.

पाच आठवड्यांत मारलेली रेघ

भाच्याच्या प्रश्नाला एक खरंखुरं उत्तर आहे. आपल्या उपखंडातली ती रेघ सर सिरिल रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज वकिलाने मारली. ते ८ जुलै १९४७ ला भारतात आले. त्याआधी त्यांनी हा देश कधी पाहिलाही नव्हता. पंजाब आणि बंगाल कापायला त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. समोर नकाशे होते, जनगणनेचे आकडे होते आणि चारही बाजूंनी दबाव होता. ही सीमा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत कितीतरी गावांत लोकांनी आनंद साजरा केला, पण आपण नेमके कोणत्या देशात आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे १ कोटीहून जास्त माणसं या रेघेमुळे इकडची तिकडे झाली.

ही रेघ एका स्त्रीने कागदावर आणली आहे. तिचं नाव झरीना हाश्मी. त्या नुसतं ‘झरीना’ असंच नाव लावत. जन्म १९३७ चा, अलीगढचा. वडील विद्यापीठात इतिहास शिकवायचे. झरीना स्वतः गणित शिकल्या, नंतर चित्रकलेकडे वळल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचं कुटुंब पाकिस्तानात गेलं. त्या मात्र बँकॉक, दिल्ली, पॅरिस, टोकियो असं फिरत शेवटी न्यूयॉर्कला राहिल्या. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

२००१ साली त्यांनी ‘डिव्हायडिंग लाइन’ हे ठसाचित्र केलं. कागदावर एक काळी, वेडीवाकडी रेघ. बाकी काही नाही. शहरांची नावं नाहीत, झेंडे नाहीत, माणसं नाहीत. पहिल्यांदा बघताना वाटतं, हे तर कुणीही काढेल.

पण हे चित्र लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं आहे. या पद्धतीत ठोकळ्याचा जो भाग वर शिल्लक राहतो त्यालाच शाई लागते. म्हणजे कागदावर काळी रेघ उमटवायची असेल तर रेघ कोरून चालत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढावं लागतं. दोन्हीकडचं गेलं तेव्हा ती एक रेघ उरली. फाळणीवर लिहिलेली जाडजूड पुस्तकं जे सांगतात, ते झरीना यांनी नुसत्या हत्याराच्या कामातून सांगितलं आहे.

त्यांचं आणखी एक काम मला फार जवळचं वाटलं. त्यांची बहीण राणी पाकिस्तानात राहायची. आईवडील गेले, घर विकलं गेलं, तेव्हा बहिणीने झरीनांना उर्दूत पत्रं लिहिली, पण टाकली नाहीत. बऱ्याच काळाने ती झरीनांच्या हाती आली. ‘लेटर्स फ्रॉम होम’ या २००४ च्या मालिकेत झरीनांनी त्याच पत्रांवर घरांचे आराखडे आणि शहरांचे नकाशे छापले. दोन बहिणींच्या मध्ये सीमा आली की काय होतं हे समजायला उर्दू वाचता यायची गरज पडत नाही.

आईने दिलेली परवानगी

युद्धाची चित्रं म्हटलं की घोडे, तोफा, विजयी सेनापती डोळ्यांसमोर येतात. शेकडो वर्षं राजेमहाराजांनी अशीच चित्रं काढून घेतली. ज्याने पैसे दिले त्याचा विजय भिंतीवर लागला. घरी थांबलेल्या आईचं चित्र कुणी मागवलं नव्हतं. ते जर्मनीच्या केथे कोलवित्झ यांनी काढलं.

केथे यांचा जन्म १८६७ चा. नवरा कार्ल बर्लिनमधल्या गरीब वस्तीत डॉक्टर होता. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा होता. त्याला सैन्यात जायचं होतं, पण वय कमी असल्यामुळे वडिलांची परवानगी लागणार होती. वडील तयार नव्हते. मुलाने आईला गळ घातली आणि आईने नवऱ्याचं मन वळवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्यानंतर केथे यांचा हात आयुष्यभर त्या एका निर्णयाभोवती फिरत राहिला. ‘युद्ध’ नावाच्या त्यांच्या ७ ठसाचित्रांत एकही रणांगण नाही. एक आई बाळाला पुढे करून उभी आहे, जणू ते मागितलं गेलं आहे आणि ती देत आहे. दुसऱ्या चित्रात काही आया मुलांना पोटाशी घेऊन एकमेकींना इतक्या घट्ट चिकटल्या आहेत की त्यांची भिंतच झाली आहे. मुलाच्या दफनभूमीसाठी त्यांनी आईवडिलांचे दोन पुतळे केले. ते बसवायला १९३२ साल उजाडलं. दोघंही गुडघ्यांवर बसले आहेत, पण एकमेकांना टेकून नाहीत. ज्या घरात असं दुःख आलं आहे तिथल्या माणसांना ते अंतर लगेच ओळखू येईल.

पुढे हिटलरची सत्ता आली. ज्या कला अकादमीत केथे या निवडून आलेल्या पहिल्या महिला होत्या, तिथून १९३३ मध्ये त्यांना बाहेर काढण्यात आलं. दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४२ मध्ये त्यांचा नातूही मारला गेला. त्याचंही नाव पीटरच होतं. त्याच सुमारास त्यांनी केलेल्या चित्रात एक म्हातारी आई आपल्या अंगरख्याखाली तीन मुलांना दडवून बसली आहे. पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळायचं नसतं, असा त्या चित्राच्या नावाचा अर्थ. ज्या घरात शेती आहे तिथल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. कितीही दुष्काळ पडला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, हे आपल्या आज्यांनीही पाळलं आहे.

‘‘यात बॉम्ब कुठेय?’’

पिकासोचं ‘गर्निका’ भाच्याला दाखवलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला. मी सांगितलं होतं की हे बॉम्बहल्ल्याचं चित्र आहे. तो झूम करून शोधत बसला. विमान नाही, बॉम्ब नाही, शत्रूही नाही.

२६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गर्निका या लहान गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. स्पेनमध्ये यादवी चालू होती आणि जनरल फ्रँको यांच्या बाजूने ही विमानं आली होती. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होते. वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि फोटो पाहून त्यांनी काही आठवड्यांत सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद चित्र पूर्ण केलं. रंग फक्त काळा, पांढरा आणि राखाडी.

‘‘मग काय दिसतंय?’’ मी भाच्याला विचारलं. त्याने बोटाने दाखवायला सुरुवात केली. एक घोडा ओरडतोय. एक बैल. खाली पडलेला माणूस, त्याच्या हातात मोडकी तलवार आणि तिच्याजवळ एक फूल. दिवा घेऊन डोकावणारी बाई. डाव्या बाजूला एक आई, मांडीवर बाळ. ‘‘बाळ झोपलंय?’’ त्याने विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

टीव्हीवरच्या ग्राफिक्समध्ये आपण नेहमी विमानात बसलेले असतो. खाली एक ठिपका दिसतो, तो पेटतो, विषय संपतो. पिकासोने आपल्याला खाली, त्या घरात नेऊन बसवलं आहे. तिथून विमान कुणाचं आहे ते दिसत नाही.

स्पेनमध्ये पुन्हा लोकांचं राज्य येईपर्यंत हे चित्र तिथे जाणार नाही, अशी पिकासो यांची अट होती. ते १९७३ मध्ये गेले, फ्रँको १९७५ मध्ये. चित्र स्पेनला पोहोचलं १९८१ मध्ये. आज ते माद्रिदमध्ये आहे.

या चित्राची आणखी एक गोष्ट सत्तेबद्दल बरंच काही सांगून जाते. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत, सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर ‘गर्निका’ची विणलेली प्रत लावलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्ध बाजू मांडायला तिथे आले. नेते जिथे उभं राहून पत्रकारांशी बोलतात ती जागा याच चित्रासमोर होती. त्या दिवसांत त्यावर निळा पडदा टाकण्यात आला. कॅमेऱ्यांसाठी मागचा भाग साधा दिसावा, असं कारण देण्यात आलं. कारण काहीही असो, युद्धाची भाषा होत असताना त्या आईवर आणि बाळावर पडदा होता, एवढं जगाने पाहिलं.

भूक हीसुद्धा युद्धातलीच

आपल्या देशातही चित्रावर पडदा पडला आहे, तोही जास्त क्रूरपणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे ३० लाख लोक गेले असं मानलं जातं. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलं होतं, तिथून येणारा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्याकडच्या भागातल्या होड्या आणि धान्य हलवलं होतं. वर साठेबाजी आणि महागाई. बंगालच्या खेड्यांत एक गोळी न झाडता माणसं मरत होती.

चित्रप्रसाद भट्टाचार्य हा तरुण चित्रकार तेव्हा मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला. जे दिसलं ते त्याने काळ्या शाईने काढलं आणि सोबत लिहूनही ठेवलं. हाडांचे सापळे झालेली माणसं, रिकामी भांडी, ओस पडलेल्या झोपड्या. या चित्रांचं आणि मजकुराचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक निघालं. इंग्रज सरकारने ५ हजार प्रती जप्त करून जाळून टाकल्या. एका शाईच्या दौतीची एवढी भीती! सुदैवाने एक प्रत कुटुंबाकडे वाचली, म्हणून आज आपल्याला ती चित्रं बघता येतात.

हेच चित्रप्रसाद पुढे मुंबईला आले आणि अनेक वर्षं अंधेरीत राहिले. काळ्यापांढऱ्या ठसाचित्रांतून त्यांनी कामगार, लहान मुलं, रस्त्यावरचं आयुष्य काढलं. मुलांसाठी कठपुतळ्याही केल्या. अंधेरी स्टेशनवरून रोज येजा करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत असेल?

कुंपणाएवढा दोरा

आता आजच्या काळाकडे येऊ. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या दोन महिला कलाकार सीमेवर सातत्याने काम करत आहेत.

शिल्पा गुप्ता यांचं एक काम आहे, नाव फक्त ‘१:१४.९’. काचेच्या पेटीत अंड्यासारखा गुळगुळीत, हाताने गुंडाळलेला दोऱ्याचा गुंडा. शेजारच्या पट्टीवर भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कुंपणाची लांबी लिहिली आहे, सुमारे ११८८ मैल. दोऱ्याचं आणि कुंपणाचं प्रमाण १ ला १४.९. म्हणजे जवळपास १५ मैल कुंपणामागे १ मैल दोरा. शाळेत नकाशाचं प्रमाण शिकताना आपण कंटाळायचो. तेच प्रमाण इथे हातात मावणारी वस्तू होऊन येतं. एवढं मोठं कुंपण आणि शेवटी एक गुंडा, जो कुणीतरी बसून गुंडाळला तसा उलगडताही येईल.

२०१५ मध्ये इटलीतल्या व्हेनिस इथे ‘माय ईस्ट इज युअर वेस्ट’ नावाचं प्रदर्शन झालं. त्यात भारताच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानचे रशीद राणा एकाच छताखाली होते. शिल्पा यांनी तिथे भारत-बांगलादेश सीमेवरच्या ‘छिटमहल’चा विषय मांडला. ही एका देशाने चारही बाजूंनी वेढलेली दुसऱ्या देशाची गावं होती. तिथल्या लोकांना वीज, शाळा, ओळखपत्र मिळवणंही मुश्कील होतं. त्याच वर्षी ३१ जुलैच्या मध्यरात्री दोन्ही देशांनी अशा १६२ वस्त्यांची अदलाबदल केली आणि हजारो लोकांना प्रथमच देश मिळाला. रेघा बदलता येतात, त्याही भांडण न करता, हे आपल्याच शेजारी घडलं आहे.

दुसऱ्या कलाकार रीना सैनी कल्लत. त्यांच्या ‘वोव्हन क्रॉनिकल’ या भिंतभर नकाशात माणसांच्या स्थलांतराचे मार्ग विजेच्या तारांनी दाखवले आहेत. तारा रंगीत आहेत, काही ठिकाणी काटेरी कुंपणासारख्या पिळलेल्या. तार निरोप पोहोचवते आणि तारच वाट अडवते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही हे काम लागलं होतं. मुलांना जास्त आवडेल ती त्यांची ‘हायफनेटेड लाइव्ह्ज’ ही मालिका. भांडणाऱ्या शेजारी देशांचे राष्ट्रीय प्राणी, पक्षी, झाडं, फुलं एकत्र जोडून त्यांनी नवेच जीव तयार केले आहेत. वड आपला राष्ट्रीय वृक्ष आणि देवदार पाकिस्तानचा. दोघं एकाच खोडात आले तर कसे दिसतील? भाच्याला हे सांगितल्यावर त्याने लगेच वही काढली.

आणि एक गंमत. जुलै २०१९ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरच्या लोखंडी गजांच्या भिंतीत तीन गुलाबी सी-सॉ बसवण्यात आले. रोनाल्ड रेएल आणि व्हर्जिनिया सॅन फ्रातेलो या दोन वास्तुरचनाकारांची ही कल्पना. एक टोक अमेरिकेत, दुसरं मेक्सिकोत. थोडाच वेळ दोन्हीकडची मुलं त्यावर खेळली. इकडचा खाली गेला की तिकडचा वर. शेजाऱ्यांच्या नात्याबद्दल याहून सोपं काय सांगणार?

चित्रं बघून युद्ध थांबतं का?

हा प्रश्न माझ्या भाऊजींनी विचारला. जेवताना आमचा चांगलाच वाद झाला. ते म्हणाले, ‘‘सीमेवर जवान उभा आहे म्हणून तू इथे बसून चित्रं बघतेस. हल्ला झाला तर पिकासो वाचवायला येणार आहे का?’’

त्यांचं म्हणणं खोटं नाही. ‘गर्निका’ने एकही बॉम्ब अडवला नाही. केथे यांच्या चित्रांनी दुसरं महायुद्ध टळलं नाही. निरपराध माणसं मारणाऱ्यांना धडा शिकवावा लागतो आणि देशाचं रक्षण करावंच लागतं, याबद्दल आमच्या घरात कुणाचंच दुमत नाही.

पण चित्रांमध्ये ताकद नसती तर सत्तेने त्यांचा एवढा वापर केला असता का? १९१४ मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड किचनर यांचं चित्र छापलं गेलं, थेट तुमच्याकडे बोट दाखवणारं, सैन्यात बोलावणारं. ते आजही जगभर ओळखलं जातं. तेही चित्रच होतं. मे २०२५ मध्ये आपल्या मोबाइलवर काय काय आलं ते आठवा. व्हिडीओ गेममधले तुकडे खऱ्या हल्ल्याचे म्हणून फिरले. आपण ते पुढे पाठवले, काहींनी तर टाळ्यांच्या इमोजीसकट. म्हणजे चित्रांचा आपल्यावर परिणाम होतोच. कोणती चित्रं बघायची, एवढंच आपल्या हातात आहे.

जवानाचा आदर करणं आणि युद्धाची किंमत समजून घेणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. उलट ती किंमत सगळ्यात आधी जवानाच्याच घरातून वसूल होते. हे मी म्हटल्यावर भाऊजी म्हणाले, ‘‘हे मात्र खरं.’’ वाद तिथे संपला असं नाही, पण त्या रात्री टीव्ही लवकर बंद झाला.

मुलांसोबत अशी चित्रं कशी बघाल?

आधी मुलाचं ऐका : त्याने बातम्यांत काय पाहिलं, त्याला कशाची भीती वाटते हे विचारा. चित्र दाखवायची घाई करू नका.

वय बघून निवडा : लहान मुलांसाठी सी-सॉ, जोडलेले प्राणी, दोऱ्याचा गुंडा पुरे. ‘गर्निका’ दाखवताना शेजारी बसा. दुष्काळाची चित्रं थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवा.

अर्थ सांगू नका, विचारा : ‘काय दिसतंय?’, ‘काय दिसत नाहीये?’, ‘हे कुणी काढलं असेल?’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

फॉरवर्ड आलेल्या फोटोलाही हेच प्रश्न लावा : हा फोटो कुणी काढला, कधीचा, कुणाच्या फायद्याचा? चित्रं बघायची सवय लागली की खोटी चित्रं ओळखणंही सोपं जातं.

बाहेर पडा : दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. अमृतसरला टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचं संग्रहालय आहे. वाघा सीमेवर परेड बघायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिथे दोन तास काढावेत. परेड बघून छाती फुगते आणि हे संग्रहालय बघून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काहीतरी विचारावंसं वाटतं.

समोरच्या आजींचा नकाशा

शिल्पा गुप्ता यांनी लोकांना आपल्या देशाचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला होता. अशा १०० नकाशांमधून त्यांचं एक काम तयार झालं. प्रत्येकाचा देश वेगळाच दिसत होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हाच खेळ ताईच्या घरी खेळलो. तुम्हीही खेळून बघा. फक्त ते नकाशे सोशल मीडियावर टाकू नका. देशाचा नकाशा प्रसिद्ध करताना तो अधिकृत नकाशाशी जुळावा लागतो, तसा कायदा आहे.

भाऊजींचा गुजरात अर्ध्या देशाएवढा झाला. ताई ईशान्येकडची राज्यं विसरली आणि ओशाळली. माझा नकाशा बटाट्यासारखा दिसत होता. समोरच्या फ्लॅटमधल्या सिंधी आजी सहज आल्या होत्या, त्यांच्याही हाती आम्ही कागद दिला. त्या ८० च्या पुढच्या. फाळणीत आईचं बोट धरून सिंधमधून आलेल्या.

त्यांनी देश काढलाच नाही. एक अंगण काढलं. अंगणात विहीर, विहिरीजवळ पायऱ्या, बाजूला गाईचा गोठा. ‘‘मला एवढंच येतं,’’ त्या हसून म्हणाल्या.

भाच्याने विचारलं, ‘‘आजी, हे कुठे आहे?’’

‘‘तिकडे,’’ त्यांनी हाताने दाखवलं.

‘‘रेघेच्या पलीकडे?’’

‘‘हो बेटा. तेव्हा रेघ नव्हती.’’

तो उठला आणि आपलं जुनं चित्र घेऊन आला. आजींकडून पेन्सिल घेतली. विमानं त्याने खोडली नाहीत, लाल रेघही तशीच ठेवली. पलीकडच्या आगीत जरा जागा शोधून त्याने एक विहीर काढली. मग आजींना विचारलं, ‘‘पायऱ्या किती होत्या?’’

आजींनी डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली.